लिव्हरमध्ये सिस्ट आहे म्हणे!

मागच्या अंकात बॉडी चेकअपच्या पॅकेजांवर लिहिलं होतं, की बाबांनो जितक्या तपासण्या जास्त तितकं काहीतरी सापडणारच. तसंच झालं. टपालात आणि मेलवर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीचे, सोनोग्राफीत लिव्हरमध्ये सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी, दिसली, आता पुढे काय? म्हणून या वेळी सगळा कॉलम त्यालाच दिलाय. नावं काढून टाकलीत, आणि काही पत्रं फार लांब होती ती छाटलीत, राग मानू नका.

प्रश्न (भांडुप): माझं वय ५२. मुलाच्या कंपनीकडून आईवडिलांचं फुकट चेकअप होतं म्हणून गेले, त्रास काहीच नव्हता. सोनोग्राफीत लिहून आलं, लिव्हरच्या उजव्या भागात ३४ बाय ३१ मिलिमीटरची सिम्पल सिस्ट आणि त्याच्या खाली ग्रेड १ फॅटी लिव्हर. मुलगा रात्रभर मोबाईलवर वाचत बसला, सकाळी म्हणाला आई दर ३ महिन्यांनी सोनोग्राफी करायची आणि एकदा सीटी स्कॅन पण करून टाकू. सून म्हणते बायोप्सीच करा. मी आपली गुपचूप देवाला नारळ बोलून आले. रक्ताचे रिपोर्ट असे: लिव्हरच्या तपासणीतलं एसजीओटी २८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट २ लाख ४० हजार, उपाशीपोटी शुगर ११२. काय करू?

उत्तर: काकू, नारळ फोडून टाका. फक्त त्या खोबऱ्याच्या वड्या केल्यात तर तुम्ही एकच खा, का ते खाली येतंय.

आधी सिस्टचं बघू. आईच्या पोटात असताना आपलं लिव्हर घडतं, तेव्हा पित्ताच्या नळ्यांचं झाडासारखं जाळं तयार होतं, त्यातला एखादा बारीक फाटा मुख्य झाडाला जोडला जायचा राहतो. तो तसाच बंद पडून राहतो, त्याच्या आतलं अस्तर थेंब थेंब पाणी सोडत राहतं, आणि अशी ३०-४० वर्षं गेली की एक छोटी पाण्याची पिशवी तयार होते. म्हणून ही चाळिशी-पन्नाशीनंतर जास्त सापडते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. सोनोग्राफी केलेल्या १०० माणसांत साधारण ३ ते ५ जणांकडे निघते, सीटीत तर त्याहून जास्त, कारण सीटीला अगदी बारीक सिस्टही दिसतात. म्हणजे तुमच्या बिल्डिंगमध्ये १०० मोठी माणसं राहत असतील तर तुमच्यासारखे अजून दोन-तीन जण असणार, फक्त त्यांच्या मुलांच्या कंपनीनं फुकट चेकअप दिलेलं नाहीये.

आता तो "सिम्पल" शब्द. लोकांना वाटतं डॉक्टरनं धीर द्यायला म्हणून लिहिलाय. तसं नाही, हा शब्द रेडिऑलॉजिस्ट काही खुणा बघितल्याशिवाय लिहीत नाही. स्क्रीनवर लिव्हर कसं दिसतं माहितीये का, करडं, बारीक दाणेदार, भाजलेल्या रव्यासारखं. त्यात सिस्ट म्हणजे शाईचा थेंब पडावा तसा काळाकुट्ट गोल. भिंत इतकी पातळ की वेगळी अशी दिसतच नाही, आत पडदे नाहीत, गाळ नाही, भिंतीला चिकटलेला मांसल भाग नाही. आणि गंमत म्हणजे त्या काळ्या गोलाच्या बरोबर खाली लिव्हरचा एक पट्टा आजूबाजूपेक्षा जास्त उजळ दिसतो, कारण पाण्यातून आवाजाची लाट फारशी कमी न होता पुढे जाते. हे सगळं जमलं की झालं, सिम्पल. सीटीची गरज नाही, एमआरआयची नाही, आणि बायोप्सी कशाची करणार, पाण्याची? सूनबाईंना प्रेमानं सांगा.

दर ३ महिन्यांची सोनोग्राफी तर नकोच. युरोपातली लिव्हर तज्ज्ञांची संघटना आहे, ईएएसएल, तिच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ म्हटलंय की त्रास नसलेल्या सिम्पल सिस्टचा फॉलोअप घेऊ नका. वर्षाला नाही, ५ वर्षांनी नाही, घेऊच नका. पुढे कधी पोटात त्रास सुरू झाला तर तेव्हा सोनोग्राफी करा. आपल्याकडे काही डॉक्टर ४ सेंटिमीटरहून मोठी असली तर एकदोनदा रिपीट करायला सांगतात, ती जुनी पद्धत आहे, एखाद्या वेळी केली तर काही बिघडत नाही. पण तुमची त्याहून लहान आहे आणि ३ महिन्यांच्या हप्त्यांवर भीती विकत घ्यायचं काहीच कारण नाही.

आता रिपोर्टची दुसरी ओळ, जी तुमच्या घरात कुणी वाचलीच नाही असं दिसतंय. फॅटी लिव्हर, आणि सोबत उपाशीपोटी शुगर ११२. नॉर्मल १०० च्या आत, १२६ च्या पुढे डायबिटीस, तुम्ही मधे उभ्या आहात. फॉलोअप याचा घ्यायचाय काकू, सिस्टचा नाही. एक साधा हिशेब असतो, फिब-४ म्हणतात, वयाला एसजीओटीनं गुणायचं आणि त्याला प्लेटलेटचा आकडा गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यानं भागायचं. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या. तुमचं मी केलं: ५२ गुणिले २८ म्हणजे १४५६, आणि खाली २४० गुणिले ६ म्हणजे १४४०. उत्तर जेमतेम १. हा आकडा १.३ च्या खाली असला की लिव्हर कडक व्हायला लागल्याची शक्यता कमी, त्यामुळे आज घाबरायचं नाही. पण एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, करून घ्या, वजन ७० किलो असेल तर साडेतीन किलो उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते, ५ ते ७ किलो उतरवलंत तर फारच छान. भांडुपला राहता, स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा सोडा आणि चाला. आणि वडी एकच.

प्रश्न (दादर): माझ्याकडे तीन वर्षांचे तीन रिपोर्ट आहेत. पहिल्यात सिस्ट ३१ मिमी, दुसऱ्यात ३६, तिसऱ्यात २९. दुसऱ्या वेळी वाढली म्हणून मी दोन महिने तेलकट बंद केलं आणि तिसऱ्या वेळी कमी झाली. म्हणजे पथ्याचा फायदा झाला असं समजू का? अजून कमी करायला काय खाऊ?

उत्तर: तुम्ही झेरॉक्स पाठवल्यात ते बरं केलंत, मी तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडून बघितल्या. तीन वेगळी सेंटर, तीन वेगळी मशीन, तीन वेगळे डॉक्टर. सिस्ट काही कंपास घेऊन काढलेला गोल नसतो, थोडी अंड्यासारखी, थोडी दबलेली असते, आणि सोनोग्राफीचा प्रोब कुठल्या कोनात धरला, तुम्ही श्वास किती आत घेतलात, पेनाच्या टोकासारखी ती दोन फुलीची चिन्हं डॉक्टरनं नेमकी कुठे ठेवली, यावर आकडा बदलतो. तीन-चार मिमी तर सहज इकडेतिकडे होतात. त्यामुळे ३१, ३६, २९ म्हणजे माझ्या मते एकच सिस्ट, जागच्या जागी बसलेली.

तेलकट सोडलंत ते उत्तमच झालं, तुमच्या कोलेस्टेरॉलला त्याचा उपयोग होईल, पण सिस्टला तुम्ही काय जेवता ते कळतही नाही. तिचा ना पोटाशी संबंध ना पित्ताशी. बटाटेवडा खाऊन ती फुगत नाही आणि दुधीचा रस पिऊन सुकत नाही.

एक मात्र खरं, मिलिमीटरकडे बघून लोक घाबरतात किंवा खूष होतात, पण आत पाणी किती ते कुणी बघत नाही. ३ सेंटिमीटरच्या सिस्टमध्ये साधारण १४ मिली पाणी, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे तीन छोटे चमचे. ५ सेंटिमीटरला ६५ मिली, टपरीवरच्या कटिंगइतकं. आणि १० सेंटिमीटरला ५२० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली. व्यास दुप्पट झाला की पाणी आठपट होतं, म्हणून १० च्या पुढच्या सिस्टवाल्यांची गोष्ट वेगळी आणि तुमची वेगळी. तुम्ही पुढच्या वर्षीची सोनोग्राफी कॅन्सल करा.

प्रश्न (परळ): डॉक्टर, माझ्या आईला लिव्हरमध्ये १३ सेंटिमीटरची सिस्ट आहे. वय ६१. गेलं वर्षभर ती अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरलं म्हणते, उजव्या बाजूला जड वाटतं, डाव्या कुशीवर झोपली की काहीतरी सरकल्यासारखं होतं, साडीची गाठ सैल बांधते. आधी सगळे म्हणायचे ॲसिडिटी. एका डॉक्टरनी सांगितलं सुईनं पाणी काढून टाकू, १० मिनिटांचं काम आहे, काढलं पण, आठ दिवस आई इतकी मस्त होती, आणि अडीच महिन्यांत परत तेवढीच. आता एक जण म्हणतात दुर्बिणीतून ऑपरेशन, दुसरे म्हणतात स्पिरिट घालू. स्पिरिट लिव्हरमध्ये घालतात का? मला काही कळेनासं झालंय.

उत्तर: तुझ्या पत्रातलं सगळ्यात उपयोगी वाक्य कुठलं सांगू? "आठ दिवस आई मस्त होती." पाणी काढल्यावर त्रास गेला, म्हणजे त्रास सिस्टचाच होता, हे सिद्ध झालं. कारण बऱ्याचदा सिस्ट असते एकीकडे आणि पोट दुखत असतं पित्ताशयातल्या खड्यांनी नाहीतर खरोखरच ॲसिडिटीनं, आणि उगाच सिस्टवर उपचार होतात आणि दुखणं तिथेच. तुमच्याकडे तो घोळ नाही.

नुसतं पाणी काढलं की ते परत भरणारच, कारण पाणी तयार करणारं अस्तर आत शाबूत आहे. नळ चालू ठेवून बादली रिकामी करण्यातला प्रकार. म्हणून एक तर ते अस्तर मारायचं, नाहीतर पिशवीचं छत कापून टाकायचं, दोनच रस्ते.

पहिला रस्ता म्हणजे तू स्पिरिट म्हणतेस तो, स्क्लेरोथेरपी. घाबरू नकोस, लिव्हरमध्ये नाही घालत, सिस्टच्या आत घालतात. सोनोग्राफीवर बघत बघत त्वचेतून बारीक नळी सिस्टमध्ये सोडतात, सगळं पाणी काढतात, मग ते पाणी बघतात, पिवळं-हिरवं पित्त मिसळलेलं तर नाही ना, आणि डाय घालून फोटो काढून खात्री करतात की सिस्टचा पित्तनलिकेशी रस्ता जोडलेला नाही. हे फार महत्त्वाचं, जोडलेला असेल तर अल्कोहोल घालायचंच नाही, पित्तनलिका खराब होतील. रस्ता नसेल तर शुद्ध अल्कोहोल नाहीतर तशाच कामाचं दुसरं औषध आत सोडतात, थोडा वेळ ठेवतात, पेशंटला या कुशीवरून त्या कुशीवर करतात म्हणजे सगळ्या भिंतींना लागेल, आणि मग परत ओढून काढतात. टाके नाहीत. थोडं दुखतं, कधी ताप येतो, क्वचित अल्कोहोल चढल्यासारखंही वाटतं, आईला आधी सांगून ठेव नाहीतर ती घाबरेल.

इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि मग लोक पैसे बुडाले म्हणून भांडायला येतात. स्क्लेरोथेरपीनंतर काही आठवड्यांनी सोनोग्राफी केली की सिस्ट परत भरलेली दिसू शकते. ती नंतर हळूहळू, महिन्यामहिन्यानं आटते. म्हणून निकाल सहाएक महिन्यांनी बघायचा, आणि तोही सेंटिमीटरमध्ये नाही, आई किती भाकरी खाते त्यात. ईएएसएलनंही तेच म्हटलंय, उपचारानंतर नेमानं स्कॅन काढायची गरज नाही, त्रास गेला की जमलं.

दुसरा रस्ता दुर्बिणीचा. पोटाला तीन-चार छोटी भोकं, सिस्टचा जो भाग लिव्हरच्या बाहेर डोकावतो ते छत कापून काढायचं, मग आतलं पाणी पोटात उतरतं आणि पोट ते शोषून घेतं. फायदा असा की कापलेला तुकडा तपासायला जातो, म्हणजे सिस्ट साधीच होती याची पक्की खात्री. सिस्ट पुढे आणि पृष्ठभागावर असेल तर छान जमतं, पण लिव्हरच्या मागे, वरती डायफ्रामखाली, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याखाली, असेल तर सर्जनला पोचायला त्रास आणि परत भरण्याची शक्यताही जास्त. भूल पूर्ण लागते.

कुठला निवडायचा? सिस्ट कुठे आहे, आईचं हार्ट-फुफ्फुस भूल झेलेल का, आणि तुम्ही जिथे जाणार तिथल्या टीमचा हात कशावर बसलाय, यावर. मी असतो तर आधी सिस्ट नक्की साधी आहे ना हे एका एमआरआयनं बघून घेतलं असतं, कारण एवढ्या मोठ्या आणि आधी सुई लागलेल्या सिस्टमध्ये थोडं रक्त वगैरे उतरून चित्र बदललेलं असू शकतं. तू परळलाच राहतेस, केईएम हॉस्पिटल चालत जाण्यासारखं आहे, गॅस्ट्रोच्या, म्हणजे पोट-लिव्हरच्या, ओपीडीचा केसपेपर काढ. सकाळी लवकर जा, आईसाठी डबा आणि पाण्याची बाटली ने, सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ने आणि सीडी विसरू नको, नुसत्या छापील रिपोर्टवर कुणी ऑपरेशन ठरवत नाही.

प्रश्न (घाटकोपर): सिस्ट ५ सेमी. कुठल्या तरी ग्रुपवर आलं की गुळवेलीचा काढा रोज घेतला की लिव्हर साफ होतं आणि सिस्ट विरघळते. सहा महिने घेतोय. चालू ठेवू का? आणि शनिवारी एखादी बिअर?

उत्तर: काढा बंद करा, आजपासून. सिस्ट कुठल्याच काढ्यानं, गोळीनं, चूर्णानं विरघळत नाही. उलट गुळवेलीमुळे लिव्हरला सूज येऊन कावीळ झालेल्या ६ पेशंटची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी छापली होती, कोविडच्या काळात लोक इम्युनिटीसाठी पीत होते तेव्हाची. त्यावर आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, वाद झाला, तो वाद आपण बाजूला ठेवू. पण ज्या गोष्टीचा सिस्टला शून्य उपयोग आहे तिच्यासाठी चांगल्या लिव्हरला कशाला कामाला लावायचं? सहा महिने घेतलाय तर एकदा एसजीपीटी करून घ्या. बिअरचं म्हणाल तर सिस्टचा आणि तिचा काही संबंध नाही. बाकी लिव्हरचा आहे, ते तुम्हालाही माहितीये म्हणून तर विचारलंत.

प्रश्न (कुर्ला): वडील साताऱ्याकडे गावी असतात, मेंढरं आहेत, चार कुत्री आहेत. पोटात दुखतं म्हणून मुंबईला आणलं, सोनोग्राफीत ८ सेमीची सिस्ट, आणि रिपोर्टमध्ये लिहिलंय सिम्पल सिस्ट किंवा हायडॅटिड. एका ठिकाणी म्हणाले लगेच सुई घालून पाणी तपासू म्हणजे कळेल. घालू का?

उत्तर: थांबा. अजिबात नाही, अजून नाही.

हायडॅटिडचं मूळ म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहणारा एक बारीकसा फीतकृमी. मेंढरू कापलं की खराब आतडी-लिव्हर कुत्र्यापुढे टाकतात ना, त्यातून तो कुत्र्यात जातो, कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी मातीत, मातीतून हाताला, भाजीला, आणि माणसाच्या पोटात. मग लिव्हरमध्ये त्याची पाण्याची गाठ वर्षानुवर्षं वाढते. सुरुवातीच्या अवस्थेत ती सोनोग्राफीत अगदी साध्या सिस्टसारखीच दिसू शकते, फरक बारीक, भिंत दुहेरी दिसते, किंवा पेशंटला हलवलं की आत बारीक वाळूसारखं काहीतरी तरंगतं. आतलं पाणी पोटात सांडलं तर भयंकर ॲलर्जी येऊन बीपी कोसळू शकतं, आणि जंतू पसरून पोटभर नव्या गाठी होऊ शकतात. म्हणून शंका असताना "बघू तरी" म्हणून सुई घालायची नाही.

आधी अनुभवी रेडिऑलॉजिस्टकडून सोनोग्राफी परत, गरज पडली तर एमआरआय, आणि रक्ताची हायडॅटिड टेस्ट. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे नाहीच असं धरू नका, ती चुकते. हायडॅटिड ठरलं तर अवस्थेप्रमाणे उपचार, कुणाला नुसत्या अल्बेंडाझोलच्या, म्हणजे जंत मारायच्या, गोळ्या, कुणाला गोळ्यांच्या संरक्षणाखाली मुद्दाम सुई घालून पाणी काढून आत जंतू मारायचं औषध सोडतात, कुणाला ऑपरेशन, आणि जुनी, सुकलेली, चुना धरलेली गाठ असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. म्हणजे सुई या रोगात चालते, पण तयारीनिशी, नेम धरून. कुत्र्यांना जंताचं औषध द्या आणि कच्चं मांस घालू नका, हे गावी फोन करून सांगा, बाकीच्या घरच्यांसाठी.

प्रश्न (बोरिवली): सिस्ट साधी आहे असं दोन डॉक्टरांनी सांगितलं पण समाधान होईना म्हणून मी स्वतःच लॅबमध्ये जाऊन कॅन्सर मार्कर करून आलो. सीए १९-९ वाढलेला आलाय. चार दिवस ऑफिसला गेलो नाही.

उत्तर: जा ऑफिसला. सिस्टचं अस्तर पित्तनलिकेच्या अस्तरासारखंच असतं आणि ते स्वतःच सीए १९-९ तयार करतं, त्यामुळे साध्यासुध्या सिस्टमध्येही हा वाढलेला येऊ शकतो. साधी सिस्ट कुठली आणि गडबडीची कुठली हे या टेस्टनं ओळखता येत नाही, म्हणूनच तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी ती लिहून दिली नव्हती. आता आकडा आलाच आहे तर तो घेऊन एकदा गॅस्ट्रोच्या डॉक्टरला भेटा, पित्ताच्या नळीत अडथळा असला किंवा स्वादुपिंडाचं काही असलं तरी हा वाढतो, तेवढं तपासून बघतील.

गडबडीची सिस्ट कशी असते ते सांगतो, कारण तीही असते. म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम म्हणतात, बहुतेक मध्यमवयीन बायकांत, जास्त करून लिव्हरच्या डाव्या भागात, आत जाड पडदे, भिंतीला गाठीसारखा उंचवटा, डाय दिल्यावर तो भाग चमकतो. तशी दिसली तर पूर्ण कापून काढावी लागते, नुसतं छत उडवून चालत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये यातलं एक अक्षरही नाहीये. मी दोनदा वाचला.

प्रश्न (मुलुंड): मला लिव्हरमध्ये "मल्टिपल सिस्ट" आहेत, किडनीतही आहेत. वडिलांना डायलिसिसवर ठेवलं होतं. पाळी नियमित व्हावी म्हणून मी हार्मोनच्या गोळ्या घेते. वय ३६.

उत्तर: ताई, तुमचं प्रकरण वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे, त्यांचं उत्तर स्वतःला लावू नका. लिव्हरमध्ये १० पेक्षा जास्त सिस्ट, किडनीतही सिस्ट, आणि वडिलांची किडनी गेलेली, म्हणजे घराण्यात चालणारा पॉलिसिस्टिक आजार, म्हणजे किडनी-लिव्हरमध्ये खूप सिस्ट होणारा, असण्याची दाट शक्यता. यात आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. लिव्हर सहसा काम नीट करत राहतं, कितीही सिस्ट असोत, काळजी किडनीची. बीपी मोजा, क्रिएटिनिन आणि लघवी तपासा, किडनीच्या डॉक्टरला लवकर भेटा. आणि गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन असेल तर गायनॅककडे जाऊन दुसरा पर्याय मागा, या आजारात इस्ट्रोजेननं लिव्हरच्या सिस्ट वाढतात. भावंडांनाही सांगा. बीपी तरी मोजून घेतील.

प्रश्न (चेंबूर): मेडिक्लेम नवीन काढतोय. सिस्ट २ सेमी. एजंट म्हणतो लिहू नका, प्रीमियम वाढेल.

उत्तर: लिहा. एजंट क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही. इर्डा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं, त्यानंतर कव्हर मिळतं. लपवलंत आणि उद्या लिव्हरचं भलतंच काही निघालं तर हा जुना रिपोर्ट तुमच्याच विरुद्ध वापरतील. फॉर्ममध्ये "सिम्पल सिस्ट, लक्षणं नाहीत, उपचार नाहीत" असं स्पष्ट लिहा आणि रिपोर्ट जोडा.

प्रश्न (नालासोपारा): हसू नका. ६ सेमीची सिस्ट आहे. रोज सकाळी ८ च्या विरार फास्टनं चर्चगेटला जातो. गर्दीत कोपर लागून फुटली तर?

उत्तर: हसलो नाही, हा प्रश्न ओपीडीतही येतो. लिव्हर बरगड्यांच्या पिंजऱ्यात आहे, कोपर आधी बरगडीला लागतं. साधी सिस्ट फुटणं फार दुर्मिळ, आणि जे थोडे झालेत त्यात सिस्ट बहुतेक खूप मोठी होती, किंवा अपघातासारखा जोराचा मार होता. ६ सेमीवाल्यानं विरार फास्ट सोडायचं कारण नाही, सोडायची तर दुसरी शंभर कारणं आहेत.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. उजव्या बरगडीखाली अचानक जोरात कळ आली, चाकू खुपसल्यासारखी, आणि तासाभरात कमी झाली नाही, तर सिस्टमध्ये रक्त उतरलेलं असू शकतं. आणि ताप, थंडी वाजून, सोबत तिथेच दुखतंय, तर सिस्टमध्ये इन्फेक्शन. दोन्ही क्वचित होतं, पण झालं तर पेनकिलर खाऊन ऑफिसला पोचायचा हट्ट करू नका, मधल्याच स्टेशनला उतरा आणि जवळचं हॉस्पिटल गाठा. डोळे पिवळे झाले किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही तिथल्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा. रिपोर्टचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे इमर्जन्सीतल्या डॉक्टरला सिस्ट आधीची आहे हे दिसेल आणि तो नव्यानं गाठ सापडली म्हणून तुमच्या बायकोला घाबरवणार नाही.